चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी (बेळगाव सीमाभाग)

शासकीय सेवेत, विशेषतः संरक्षण खात्यात, नेमणूक देताना उमेदवाराची पोलिसांमार्फत होणारी चौकशी. बोलीत ‘पोलीस व्हेरिफिकेशन’. गोपनीय कागद हाताळण्याची मुभा ही यापुढची पायरी. तिच्यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ गुपित फोडणाऱ्याला शिक्षा सांगतो. ते कोणाच्या हाती द्यावे, याबाबत मौन पाळतो.

पद्धतीचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. शिवकालीन फौजेत चाकरीतल्या माणसाचा जामीन घेऊनच नवा शिपाई ठेवीत, असे दिसते. खानापूर तालुक्यातील भीमगडावरही हीच रीत असावी. मात्र जामीनदार पुढच्या वर्तनाची हमी देई, मागचे आयुष्य कोणी तपासत नसे. पूर्वायुष्याच्या नोंदी ठेवण्याची शिस्त ब्रिटिश राजवटीतील ठगी व डाकेजनी (ठग व दरोडेखोरांच्या बंदोबस्ताच्या) खात्याला १८८७ मध्ये जोडलेल्या केंद्रीय विशेष शाखेपासून आणि व्हाइसरॉय कर्झनच्या काळातील (१९०४) गुन्हे गुप्तवार्ता खात्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ आणि कॅन्टोन्मेंट असल्याने ही चौकशी लोकांच्या परिचयाची आहे. वडगाव-शहापूरच्या गल्लीत साध्या वेशातला पोलीस आला, की ‘पासपोर्ट की मिलिटरी?’ एवढेच विचारतात. साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या छापील अर्जात) गेल्या पाच वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जेथे वास्तव्य झाले ते पत्ते भरावे लागतात. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड मुंबई राज्यात राहिले. त्यामुळे चंदगडला घर आणि बेळगावात शिक्षण असलेल्याची चौकशी दोन राज्यांच्या पोलिसांकडे जाऊ शकते.

खरी अडचण याच नमुन्यातील अटक व खटल्यांच्या रकान्यात येते. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात नाव नोंदले गेलेला तरुण तो रकाना कोरा ठेवतो, आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणूकच अंगाशी येते. पूर्वीच्या राजकीय संबंधांवरून नोकरी काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका शिक्षकाच्या प्रकरणात (१९८३) ठरवले. पुढे २०१६ च्या निकालात, तरुण वयातील घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब लपवली असल्यास नियोक्ता आपल्या अधिकारात ती माफ करू शकतो, असे म्हटले. माफी हक्काची नव्हे, हे सीमाभागात अनेकदा विसरले जाते.

गोपनीय कागद हाताळण्याच्या मुभेबाबत, कागदांच्या परमगुप्त, गुप्त, गोपनीय व मर्यादित या श्रेणींपलीकडची कार्यपद्धती छापील साधनांत फारशी सापडत नाही; गृह मंत्रालयाची १९९४ ची विभागीय सुरक्षा सूचनांची पुस्तिका स्वतःच गोपनीय आहे.