टीव्ही बंद, बटण चालू: सीमाभागातल्या घरांत स्टँडबायची वीज कशी शिरली

कर्नाटकात १ जुलै २०२३ पासून ‘गृहज्योती’ ही मोफत विजेची योजना लागू झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत ऑगस्टपासून शून्याचं लाईट बिल यायला लागलं. सरसकट २०० युनिट फुकट, असा अनेकांचा समज झाला. योजना तशी नाही. २०२२-२३ या वर्षातली घराची महिन्याची सरासरी काढायची, तिच्यावर १० टक्के वाढवायचे आणि तेवढंच मोफत द्यायचं, असा मूळ हिशेब. सरासरी १०० असेल तर ११० युनिटपर्यंत शून्य, त्यापुढे २०० पर्यंत जास्तीच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळं बिल आपलं.

या नियमामुळे एक जुना, दुर्लक्षित विषय पैशात मोजता येऊ लागला: वापरात नसताना चालू राहणाऱ्या उपकरणांची वीज, म्हणजेच स्टँडबाय. रिमोटने बंद केलेला टीव्ही, खाली लाल दिवा लागलेला सेट टॉप बॉक्स, कपाटामागे घुमणारा स्टॅबिलायझर. ‘बटण बंद कर’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘कशाला? बिल शून्यच येतंय की!’ ही सवय आळसाची आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते पुरं खरं नाही. आपल्या भागात ती अंगवळणी पडायला वीजपुरवठ्याचा इतिहासही तेवढाच कारण आहे.

१९५६च्या पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि १९५७ मध्ये त्या राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं. तेच पुढे ‘केईबी’. वितरण जून २००२ मध्ये हुबळीच्या हेस्कॉम या कंपनीकडे आलं, तरी लोकांच्या तोंडी अजून केईबीच आहे. त्याआधी, १९६९ मध्ये, हुक्केरीला ग्रामीण वीज सहकारी संस्था उभी राहिली. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या पैशातून देशात प्रयोगादाखल निघालेल्या पहिल्या पाच संस्थांपैकी ही एक. तिच्यासोबतचीच श्रीरामपूरची मुळा-प्रवरा २०११ मध्ये वितरणातून बाहेर पडली. हुक्केरीची मात्र टिकून आहे. सीमेपलीकडच्या आणि अलीकडच्या सहकाराची तुलना करणाऱ्यांनी यात जरा लक्ष घालावं.

वीज गावात आली, पण ती टिकून राहत नसे. कर्नाटकाची वीज बराच काळ शरावती आणि काळी नदीच्या पाण्यावर चालली. पाऊस कमी झाला की लोडशेडिंग ठरलेलं. खेड्यात त्यात आणखी एक भर होती. शेतीपंप आणि घरं एकाच लाईनवर. थ्री फेज ठरावीक तास, बाकी वेळ सिंगल फेज. सिंगल फेजवरही कंडेन्सर लावून मोटर चालवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक, म्हणून पुष्कळदा लाईनच बंद. ज्या घरात दिवसाचे कितीतरी तास करंटच नाही, तिथे स्टँडबाय कसला? वाया जाणारी वीज वाचवायचं काम केईबी परस्पर करत होती.

शिवाय तेव्हाची उपकरणंही वेगळी होती. लाकडी दारांच्या खोक्यातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आठवा. आवाजाचं बटण उलटं फिरवलं की खट् आवाज व्हायचा आणि आत विजेची जोडणी तुटायची, म्हणजे खरोखर तुटायची. बंद म्हणजे बंद. रिमोटवाला टीव्ही मात्र कधीच पुरता झोपत नाही. रिमोटची खूण ओळखायला त्याच्या आतला एक भाग जागा लागतो, आणि जागं राहायला वीज लागते.

अमेरिकेत हे बरंच आधी घडलं. झेनिथ कंपनीने १९५० मध्ये वायर लावलेला आणि १९५६ मध्ये ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आणला. पुढे टीव्ही लगेच दिसावा म्हणून बंद असतानाही त्याच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांच्या, तारा कोमट ठेवायची पद्धत आली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, पण ‘लगेच सुरू’ व्हायची हौस गेली नाही.

या गळतीकडे पहिल्यांदा नीट बोट दाखवलं ते १९९३ मध्ये स्वीडनच्या सँडबर्ग यांनी. मग कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अॅलन मायर यांनी विषय लावून धरला. तिथली १० घरं मोजली तेव्हा एकेका घरात काही न करता सरासरी ६७ वॅट वाहत होते. म्हणजे आपल्याकडचा एक साधा पंखा जवळजवळ अख्खं वर्ष फिरवण्याइतकी वीज. मायर यांचा उपाय सुटसुटीत होता: उपकरण कुठलंही असो, स्टँडबायला १ वॅटच्या वर जायचं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये हे उद्दिष्ट उचललं. जुलै २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खात्यांना शक्य तिथे असंच उपकरण घ्यायचा आदेश काढला. युरोपने सरळ कायदा केला, २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट, आकडे दाखवणारा पडदा असेल तर दुप्पट.

सौम्य वाटणाऱ्या या नियमांचा परिणाम इथे निपाणीच्या दुकानातही दिसतो, कारण कारखाने जगासाठी एकच सर्किट बनवतात. जुना अॅडॉप्टर हातात घेतला तर जड लागायचा. आत लोखंडाचा गाभा आणि तांब्याची गुंडाळी. मोबाइल लावलेला नसला तरी तो कोमट असायचा आणि एक-दोन वॅट उडवायचा. आजचा हलका चार्जर रिकामा असताना त्याच्या दहाव्या भागाइतकीही वीज सहसा खात नाही. तरीही घरोघरी ओरडा चार्जरच्या नावानेच. वर्षभर तो भिंतीला तसाच ठेवला तरी एक-दोन युनिटांपलीकडे काही जायचं नाही. खरा चोर शेजारच्या कप्प्यात बसलेला असतो.

तो कोण, हे पाहायला आधी आपल्या भागातली दोन खास उपकरणं घ्यावी लागतील. एक स्टॅबिलायझर. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूबलाईट नुसती लुकलुकायची, म्हणून टीव्हीला एक आणि फ्रीजला एक असे डबे घराघरांत आले. टिक-टिक करत व्होल्टेज वर-खाली करणारा हा डबा म्हणजे चोवीस तास जोडलेला ट्रान्सफॉर्मर, वरून हात लावला तरी ऊब लागते. आजचे एलईडी टीव्ही साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपलं आपण सांभाळून घेतात. तरी नव्या टीव्हीखाली जुना डबा तसाच राहतो, कारण तो काढायचं धाडस कुणी करत नाही. दुसरा इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या दिवसांत तो गरजेचा होताच. पण आता लाईट क्वचित जाते आणि तो बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी दिवसरात्र थोडी थोडी वीज घेत बसतो.

लाईट क्वचित जायला कारण झाली ‘निरंतर ज्योती’. २००८ नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकाने शेतीपंपांचे आणि घरांचे फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाईनी, वेगळे करायला घेतले. पंपांना ठरावीक तास, गावठाणाला दिवसभर. गावाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय झाली. पिठाची गिरणी कधीही चालू लागली, पोरांचा अभ्यास रॉकेलवर अडेना. पण त्याचबरोबर स्टँडबायला पहिल्यांदा चोवीस तास मिळाले. सवयी मात्र त्या आधीच्या काळातल्याच राहिल्या. लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा आहे तोवर सगळं चालूच ठेवा.

आणि नेमका त्याच सुमारास सेट टॉप बॉक्स आला. दूरदर्शनची मोफत डिश २००४ पासून होतीच. बेळगावच्या मराठी घरांना मराठी वाहिन्या हव्यात, म्हणून खासगी डिशही पसरल्या. केबल डिजिटल करायचा कायदा २०११ मध्ये झाला आणि टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत तो शहरांकडून खेड्यांकडे सरकला. ज्यांच्याकडे बॉक्स नव्हता त्यांच्याकडेही तो आला. हाच तो चोर. रिमोटने ‘बंद’ केल्यावर याचा फक्त दिवा हिरव्याचा लाल होतो. कार्यक्रमांची यादी घेणं, स्वतःला अद्ययावत करणं, आत सगळं सुरू असतं. डिशचा बॉक्स असेल तर गच्चीवरच्या छत्रीच्या तोंडाला, एलएनबीला, त्याच केबलमधून वीज जात असते. चालू असताना ८ ते १५ वॅट घेणारा साधा बॉक्स बंद असताना त्याहून फारसा कमी घेत नाही. बटण बंद करावं तर सकाळी पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात घरातल्या वडीलधाऱ्यांची आरती सुटते. मग बटण बंद कोण करणार?

हे सगळं दिसू लागलं ते मीटर बदलल्यावर. जुन्या मीटरमध्ये अॅल्युमिनियमची चकती फिरायची. अगदी थोड्या भाराने, विशेषतः जुनी झाल्यावर, ती जागची हलायची नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर असा सैल नसतो. त्याच्यावर एक छोटा दिवा लुकलुकतो आणि दर युनिटला किती वेळा लुकलुकणार ते शेजारी छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० दिसतं. रात्री फ्रीजचं बटण बंद करावं, दिवे-पंखे घालवावेत, बाकी काही काढू नये आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभं राहावं. ३२०० च्या मीटरवर दोन लुकलुकींमध्ये ११२ सेकंदांच्या आसपास गेले तर घर १० वॅट पीत आहे. ५६ सेकंद गेले तर २०. नंतर एकेक पिन काढत गेलं की कोण किती पितं ते कळतं. बिलाचा मजकूर कन्नडमध्ये असतो म्हणून जे ते नुसतं बाजूला ठेवतात, त्यांनाही हा हिशेब जमेल. दिव्याला भाषा नाही.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ चा आणि ताऱ्यांची चिठ्ठी २००६ ची. फ्रीज आणि एसीमुळे हे तारे लोकांच्या ओळखीचे झाले. पण युरोपसारखा, कुठलंही उपकरण असो, अर्धा वॅट म्हणजे अर्धा वॅट, असा सरसकट नियम आपल्याकडे आला नाही. सेट टॉप बॉक्स घेताना कुणी तारे विचारत नाही, कारण तो आपण निवडतच नाही, केबलवाला आणून लावतो. बिल मात्र आपल्या मीटरवर. बॉक्स करणाऱ्याला आणि लावणाऱ्याला वीज वाचवायची घाई नसते ती त्यामुळेच.

आता गृहज्योतीचं गणित मांडू. १ वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. बॉक्स, स्टॅबिलायझर आणि जुना टीव्ही मिळून १५ वॅट धरले तर महिन्याला १०.८ युनिट. म्हणजे सरासरी १०० असलेल्या घराला सरकारने वाढवून दिलेले १० युनिट हे तिघे आपसात वाटून खातात. युनिटला ६ रुपये धरले तर रक्कम ६५ रुपयांच्या घरात जाते. त्यासाठी कुणी रात्री उठून बटणं बंद करत फिरावं असं मला वाटत नाही. पण ज्याची सरासरी १८० आहे आणि उन्हाळ्यात कूलर लागला, त्याचं तसं नाही. १९८ युनिटपर्यंत शून्य असलेलं बिल २०१ युनिट झाल्यावर एकदम बाराशेच्या पुढे, वर स्थिर आकार वेगळा. त्या घरात हे ११ युनिट खरोखर भारी पडतात.

चंदगड-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना हे नवल वाटतं. महावितरणच्या बिलात १०० युनिट ओलांडले तर वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, खालचे तसेच राहतात. तिथे स्टँडबाय हळूहळू टोचतो. इथे तो एक तर अजिबात टोचत नाही किंवा एकदम चावतो.

उपाय पाहिले तर आपली घरं अमेरिकेपेक्षा सोयीची आहेत, कारण आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं. तिथे बहुतेक ठिकाणी ते नसतंच, पिनच उपटावी लागते. आपली अडचण एवढीच की टीव्हीचा सॉकेट शोकेसच्या मागे जातो आणि बटणापर्यंत हात पोचत नाही. नवीन घर बांधताना वायरमनला एवढंच सांगावं, टीव्ही आणि बॉक्सचं बटण शोकेसच्या बाहेर, कंबरेच्या उंचीवर काढ. खर्च दोन मीटर वायरचा. जुन्या घरात बटणवाली एक्स्टेन्शन बोर्ड पुढे ओढून घेतली तरी काम होतं. बॉक्स एकदाच, झोपताना बंद करावा. आरतीची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी पाच मिनिटं चालू करावा. नव्या टीव्हीखालचा स्टॅबिलायझर काढायला हरकत नाही, पण गावातलं व्होल्टेज अजून फारच खाली-वर होत असेल तर आधी वायरमनकडून तपासून घ्यावं.

पुढची भर आधीच आली आहे. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना तारे सक्तीचे झाले आणि रिमोटवाले बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घराघरांत दिसू लागले. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास, हा फायदा एवढा मोठा आहे की रिमोटसाठी जागं राहायला लागणाऱ्या अर्ध्या-एक वॅटची तक्रार करायला जागा राहत नाही. वायफायचा डबा मात्र वेगळा. फायबरचा बॉक्स आणि राउटर मिळून ८ ते १२ वॅट, तेही सलग चोवीस तास. सेट टॉप बॉक्सचं बटण बंद करायला तयार झालेली मंडळीसुद्धा याचं बटण बंद करत नाहीत.