माळा काढणे

माळ्यावर, पलंगाखाली आणि अडगळीत साठलेल्या वस्तू वर्षातून एकदा खाली उतरवून त्यांतल्या बिनगरजेच्या घराबाहेर काढण्याचा मराठी घरांतला प्रघात. हे काम दसरा ते वसुबारस या दिवसांत चालते. ज्यांच्याकडे घट बसतात ते बहुधा पितृपक्षातच उरकतात. गावाकडे त्याच सुमारास गोधड्या-वाकळा ओढ्यावर धुवायला नेतात. पावसाळाभर घरात मुरलेली ओल, बुरशी आणि कसर घालवायला अश्विनातले ऊन उपयोगी पडते. धार्मिक बाजूही आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून पुजतात आणि मध्यरात्रीनंतर सूप वाजवून अलक्ष्मी घालवतात. काही भागांत पाडव्याच्या पहाटे घरातला केर ‘इडापिडा जावो, बळीचे राज्य येवो’ म्हणत बाहेर टाकतात.

कामाला दोन माणसे लागतात. वरच्याने फक्त वस्तू खाली द्यायच्या, वर बसून काहीही उघडायचे नाही. खालच्याने त्या जुन्या चादरीवर मांडायच्या. नाकाला फडके बांधावे आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढू नये, शिडी किंवा पक्के स्टूल घ्यावे. एका वेळी एकच माळा उतरवावा आणि त्यासाठी सकाळचे तीन तास धरावेत. सगळे घर एकाच दिवशी काढायला घेतले की संध्याकाळी जेवायला बसायलाही जागा उरत नाही. मग न निवडलेले सामान जसेच्या तसे वर जाते. अशा घरात माळा दरवर्षी स्वच्छ होतो, पण रिकामा कधीच होत नाही.

निवडीची कसोटी एकच ठेवावी: मागच्या दिवाळीपासून ही वस्तू एकदा तरी खाली उतरली का? मोजमाप पूर्ण वर्षाचेच हवे, कारण गौरींचे मुखवटे, मखर, चकलीचा सोऱ्या, पाट आणि आकाशकंदील यांना वर्षातून एकदाच काम असते. सहा महिन्यांचा हिशेब लावला तर नेमके तेच निकालात निघतील.

निर्णय अडतो तो लग्नात आलेल्या भांड्यांपाशी. तांब्याच्या काठावर ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचे नाव कोरलेले असते, त्यामुळे असे डझनभर तांबे न वापरता पडून राहतात. भांड्यांच्या दुकानात ते मोडीत घेतात, नावाची अडचण येत नाही. पितळ-तांब्याला बरा भाव मिळतो, स्टीलला फार थोडा. मोड देऊन रोजच्या वापराचे एक चांगले पातेले आणणे हा जुना आणि शहाणपणाचा व्यवहार आहे. गेलेल्या माणसाचे सामान मात्र या धांदलीत काढू नये. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, भावंडांना विचारावे आणि एखादी वस्तू ठेवून बाकीचे वापरणाऱ्याला द्यावे.

आणखी एक चूक म्हणजे नको असलेले सामान गावच्या घरी पाठवणे. तिथे ते वाळवीच्या तोंडी जाते आणि आवरण्याचे ओझे तिथे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांवर पडते.

कपड्यांची वाट जुनी आहे. सुती साड्या आणि धोतरे गोधडीला राखावीत. बाहेरून मऊ लुगडे, आत जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा. सिंथेटिक साडी घसरते आणि उकडते, ती तिथे कामाची नाही. उरलेले कपडे बोहारणीला, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईला, देतात. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः वाघरी समाजाच्या बायका करतात; घेतलेले कपडे शिवून-धुऊन पुन्हा बाजारात जातात. बोहारीण आधी लहान भांडे पुढे करते आणि ‘अजून एक साडी द्या’ म्हणत राहते. म्हणून कपडे एकेक करून दाखवावेत, सगळा गठ्ठा आधीच मांडला तर घासाघीस करायला हातात काही राहत नाही. खऱ्या जरीच्या साड्या त्यात घालू नयेत, त्यातल्या चांदीसाठी घेणारे वेगळे असतात.

कागदांत सर्वाधिक जागा खातात दिवाळी अंक. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून त्यांचे गठ्ठे घराघरांत साठत आले. फार जुने अंक रद्दीत घालण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला विचारावे. वर्तमानपत्रे, पुठ्ठा आणि गुळगुळीत कागद वेगळे बांधावेत, एकत्र दिले की सगळ्याला हलक्या कागदाचा भाव लागतो. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), वारसाचे कागद रद्दीजवळ आणूच नयेत. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांचे काम संघटित केले. त्यांच्या हाती कोरडा आणि वेगळा केलेला माल देणे ही साधी माणुसकी आहे: फुटकी काच कागदात गुंडाळून वर लिहावे, औषधे आणि बॅटऱ्या वेगळ्या द्याव्यात. जुने मोबाइल, चार्जर ई-कचरा संकलनात द्यावेत, त्याआधी फोनमधली माहिती पुसावी.

पुस्तके आणि रेशमी वस्त्रे भर उन्हात ठेवू नयेत, सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. उन्हाने पुठ्ठे वाकतात, रंग उडतो. माळा कोरडा पुसून पूर्ण वाळल्यावरच कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरावा. वर ठेवताना सणांचे सामान पुढे आणि जड भांडी कडेपासून आत ठेवावीत. प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची नावे लिहावीत. ‘इतर’ असे लिहिलेले खोके वर चढवू नये.