मूरिंग (मुंबई बंदरातील हौशी नौकांचे)

मूरिंग : शिडाची किंवा मोटरची हौशी नौका हंगामभर पाण्यातच, समुद्रतळाशी कायम बसवलेल्या साखळीला बांधून ठेवण्याची पद्धत. नांगर दर खेपेला टाकावा आणि उचलावा लागतो. मूरिंग मात्र तळावरच असते आणि नौका परतली की त्याच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, येऊन लागते. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर डुलणाऱ्या यॉट अशाच उभ्या असतात. १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब याच किनाऱ्यावर आहे. इथे मरीनेसारखा (हौशी नौकांच्या खास बंदरासारखा) बंदिस्त आडोसा नाही, त्यामुळे नौकेची सारी भिस्त साखळीवर आणि खलाशावर असते.

तळाच्या चिखलात काँक्रीटचा जड ठोकळा, त्याला जाड साखळी, मध्ये पीळ न पडू देणारी फिरती कडी आणि वर बोया, अशी ही मांडणी असते. साखळीची लांबी ठरवताना खरा कस लागतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. साखळी आखूड असेल तर भरतीला ती ताठ होऊन ठोकळा उचलू पाहते. लांब असेल तर ओहोटीला नौका ऐसपैस फिरते आणि शेजारणीला धडकते. शिवाय सगळ्या नौका एकाच वेळी वळत नाहीत. खोल बुडाची यॉट पाण्याच्या ओढीप्रमाणे तोंड करते, तर हलकी मोटरबोट वाऱ्याप्रमाणे. दुपारचा वायव्येचा वारा आणि प्रवाह परस्परविरुद्ध असले की दोघींची तोंडे वेगळ्या दिशांना होतात, म्हणून शेजारी शक्यतो एकाच जातीच्या नौका ठेवणे शहाणपणाचे.

झीज सर्वांत जास्त होते ती साखळी तळावरून उचलली जाते आणि पुन्हा टेकते त्या भागात. इथले पाणी इतके गढूळ की पाणबुड्याला कड्या हाताने चाचपूनच तपासाव्या लागतात. नौका बोयाला बांधणारा दोर नाळेपाशी, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी, घासतो तिथे जुन्या रबरी नळीचा तुकडा चढवतात. एवढ्याशा तुकड्याने नौका वाचते, पण तो सरकला आहे का हे रोज कोणीतरी पाहायला हवे. ते पाहणारा खलाशी छोट्या होडीतून जातो, नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसतो आणि बॅटरी तपासतो. मालक आठवड्यातून एकदा येतो. नौका खऱ्या अर्थाने ओळखीची असते ती खलाशाच्या. त्याचे काम दुय्यम समजणे चूक आहे.

कोमट खाऱ्या पाण्यात बुडालेल्या भागावर काही दिवसांतच बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटतात. त्यांना अटकाव करण्यासाठी तांबेयुक्त रंग देतात. कथिलाची सेंद्रिय संयुगे असलेले रंग पूर्वी फार परिणामकारक ठरत, परंतु ते सागरी जीवांना घातक असल्याने २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आहे. नौका ढकलणारा पंखा आणि तो फिरवणारा दांडा वेगवेगळ्या धातूंचे असल्यास खाऱ्या पाण्यात त्यांची झीज होते; म्हणून जवळ जस्ताचा तुकडा बसवतात. तो आधी झिजतो आणि पंखा वाचतो.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर बंदराच्या मुखातून लाटा आत शिरतात, तेव्हा मूरिंगवर भरवसा ठेवता येत नाही. पावसाआधी नौका वर काढून शाकारतात. कोळीबांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मासेमारी सुरू करतात, हौशी नौका मात्र बहुधा आणखी काही आठवडे थांबतात. लाकडी नौकेच्या फळ्या तोवर सुकून आकसलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात उतरताच ती सांध्यांतून गळू लागते. अशी नौका लगेच बोयावर एकटी सोडत नाहीत. पहिले काही दिवस पंप चालू ठेवतात, फळ्या फुगून सांधे मिटू देतात आणि मगच शीड चढवतात.