एआय एजंटला नेटवर्क डिलीट करायचं टूल देताय? मग आधी हे वाचा

एजंटला (म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) नेटवर्क नुसतं बघायचं टूल दिलं तर फार काही बिघडत नाही, चुकलं तर परत विचारेल. डिलीटचं तसं नाहीये. आपण एखादं व्हीलॅन (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) काढतो तेव्हा डोक्यात बऱ्याच गोष्टी चालू असतात, हे कोण वापरतंय, याच्यावर प्रिंटर आहेत का, आज शुक्रवार आहे तर सोमवारीच करू वगैरे, आणि एजंटकडे यातलं काहीच नसतं, त्याच्याकडे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर एवढंच असतं. म्हणून या टूलचं डॉक्युमेंट एखाद्या सरकारी अर्जासारखं लिहायचं. पात्रता काय, कागदपत्रं कोणती, अर्ज कुठे अडकतो, सगळं.

आधी पात्रता. ती दोघांची बघायची, मागणाऱ्याची आणि काढायच्या वस्तूची. एजंटला ॲडमिनचा टोकन (प्रवेशाची किल्ली) अजिबात देऊ नका, वेगळं सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, प्रोग्रॅमसाठीचं खातं) करा आणि डिलीटची परवानगी ठरलेल्या प्रोजेक्टपुरतीच ठेवा. वस्तूची पात्रता जरा किचकट आहे कारण प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एपीआयने (प्रोग्रॅममधून हुकूम देऊन) व्हीपीसी, म्हणजे तुमचं खाजगी नेटवर्क, काढायला गेलात आणि आत सबनेट, म्हणजे त्याचा एखादा तुकडा, शिल्लक असेल तर ते सरळ डिपेंडन्सी व्हायोलेशन (याच्यावर अजून काहीतरी अवलंबून आहे) म्हणून परत पाठवतं. सिस्कोच्या स्विचवर मात्र असं कुणी अडवत नाही, व्हीलॅन ३० उडवलं की त्यातले पोर्ट इनॲक्टिव्ह होऊन बसतात आणि लोकांचे फोन यायला लागतात. (व्हीलॅन १ आणि १००२ ते १००५ तेवढे तो काढू देत नाही.) म्हणजे जिथे सिस्टीम अडवत नाही तिथे टूलनेच अडवायचं, आणि पोर्ट जोडलेले असतील तर हे टूल चालणार नाही असं वर्णनात स्पष्ट लिहायचं.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडमध्ये डिलीट लॉक लावता येतो, तो असेपर्यंत ओनरलासुद्धा ती वस्तू काढता येत नाही. इथे एक वाक्य हमखास टाका: लॉक दिसला तर थांब, लॉक काढायच्या भानगडीत पडू नकोस. एजंट कामसू असतो हो, दार बंद दिसलं की खिडकी शोधतो.

आता कागदपत्रं. पहिलं म्हणजे आयडी, नाव नाही. ओपनस्टॅकमध्ये (स्वतःचा क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर) एकाच प्रोजेक्टमध्ये एकाच नावाची दोन नेटवर्क आरामात असू शकतात, आणि नाव चालतं म्हटलं की एजंट त्यातलं एक उचलणारच, बहुतेक नको ते. मग प्रोजेक्ट किंवा साइट, बदलाच्या तिकिटाचा नंबर, चालू कॉन्फिगचा बॅकअप कुठे ठेवलाय ते, आणि मंजुरीचा कोड. हा कोड एजंटला स्वतः बनवता येता कामा नये, म्हणजे पहिला कॉल ड्राय रनचा (खरं काही न काढता नुसती तालीम), त्यात काय काय जाणार त्याची यादी येते, ती माणूस बघतो आणि हो म्हणाला तरच थोडा वेळ चालणारा कोड मिळतो, तो लावून दुसरा कॉल.

एमसीपीवर टूल देत असाल (एआयला टूल जोडायचा हा प्रोटोकॉल ॲन्थ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणला) तर त्यात डिस्ट्रक्टिव्ह हिंट, म्हणजे हे टूल काहीतरी नष्ट करू शकतं, अशी खूण असते, काही लिहिलं नाही तर ती खरीच धरली जाते. पण ती नुसती हिंट आहे, कुलूप नाही, तिच्या भरवशावर मंजुरीची पायरी गाळू नका.

लोक सगळ्यात जास्त विसरतात ते उत्तराबद्दल लिहायला. वेबवरचा सर्व्हर आकड्यांत उत्तर देतो: २०२ आलं म्हणजे विनंती स्वीकारली, काम झालं असं नाही, आणि २०४ म्हणजे झालं. टाइमआउट आला की एजंट परत तोच कॉल मारणार, तेव्हा ४०४, म्हणजे सापडलं नाही, असं आलं तर त्याने काय समजायचं? आरएफसी ९११० (एचटीटीपीचं अधिकृत नियमपत्र) प्रमाणे डिलीट आयडेम्पोटंट आहे, म्हणजे दोनदा केलं तरी परिणाम एकच, पण उत्तर तेच येईल असं नाही. नेटकॉन्फमध्ये (नेटवर्क उपकरणांचं कॉन्फिग बदलायचा प्रोटोकॉल) तर यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत, डिलीट केलं आणि वस्तू नसेल तर एरर येतो, रिमूव्ह केलं तर गपचूप पुढे जातं. तुमचं टूल यातलं कसं वागतं ते लिहा, नाहीतर ४०४ बघून एजंट आयडी चुकला असं समजेल आणि जवळपासचा दुसरा आयडी शोधायला निघेल.

आणि हो, एजंट ज्या नेटवर्कवरून बोलतोय तेच त्याने काढलं तर? झालं, संपर्क तुटला, परत लावायलाही कोणी नाही. नेटकॉन्फचं कन्फर्म्ड कमिट असेल तर ते वापरा, वेगळी वेळ दिली नाही तर ६०० सेकंदात पक्कं न केल्यास बदल आपोआप मागे जातो, जुनॉसमध्येही (ज्युनिपरच्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टीम) तेच, १० मिनिटं.

वर्णन साधारण असं जमलं तरी चालेल: "हे टूल एक नेटवर्क कायमचं काढतं, परत आणता येत नाही. आयडी, तिकीट नंबर आणि मंजुरीचा कोड लागतोच. पोर्ट जोडलेले असतील किंवा लॉक असेल तर काम होणार नाही, तसं झालं तर दुसरा मार्ग शोधू नकोस, यादी माणसाला दाखव. ४०४ म्हणजे हा आयडी आता नाही, तिथेच थांब."