अँटेना संगणकानं ‘स्वतःच्या डोक्यानं’ बनवला?

नासाच्या एसटी-५ उपग्रहांवरच्या वेड्यावाकड्या तारेच्या अँटेनाचा फोटो फिरतो, सोबत ठरलेलं वाक्य: ‘यात माणसाचा हातच नाही!’ अर्धवट खरं. आकार संगणकानं शोधला, कबूल. २००६ मध्ये तो अवकाशातही गेला. पण चांगला अँटेना कशाला म्हणायचं, कोणत्या कोनांत किती सिग्नल हवा, हे नासाच्याच एम्स संशोधन केंद्रातल्या इंजिनिअरांनीच ठरवलं. पद्धत म्हणजे सजीवांच्या उत्क्रांतीची नक्कल: तार किती लांब, कुठे वाकवायची, या सूचना म्हणजे जनुकं. त्यांत अधूनमधून फेरफार, सिम्युलेशनमध्ये परीक्षा, नापासांना नारळ. (यातून सर्वोत्तमच आकार सापडतो, हीसुद्धा थापच.) मधेच उपग्रहांची कक्षा बदलली आणि आधीचा आकार निकालात निघाला. संगणकाला त्याचा पत्ताही नव्हता. माणसांनी गुण देण्याचे निकष बदलले, तेव्हा कुठे नव्या पिढ्या सुरू झाल्या.