पहिला डिजिटल कॅमेरा आणि छायाचित्रणाचे प्राथमिक शिक्षण

पहिलाच डिजिटल कॅमेरा हाती आलेल्या व्यक्तीने प्रकाश, भिंग आणि चित्रचौकट यांची मूलतत्त्वे सरावातून आत्मसात करणे, याला छायाचित्रणाचे प्राथमिक शिक्षण म्हणता येईल. ज्याचे ॲपर्चर (भिंगातील प्रकाश आत सोडणारे छिद्र), शटर (ते किती वेळ उघडे राहते) आणि आयएसओ (मिळालेला संकेत किती मोठा करायचा) वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येतात, असा कॅमेरा येथे अभिप्रेत आहे. मग तो आरशातून दृश्य दाखवणारा डीएसएलआर असो, आरसा नसलेला मिररलेस असो की हाताने नियंत्रित करता येणारा लहान कॅमेरा असो. हे शिक्षण किती लवकर अंगी मुरते, हे मुख्यतः चूक होणे आणि ती उमगणे यांत किती वेळ जातो यावर ठरते.

मुंबईपुरते पाहिले तर हा वेळ गेल्या पावणेदोनशे वर्षांत सतत घटत आला आहे. येथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यानंतरच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या काळात रूढ होऊ लागलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि थर वाळण्यापूर्वी अंधाऱ्या जागी विकसितही करावे लागे. पुढे फिल्म आली तेव्हा हाताळणी सोपी झाली. पण छत्तीस चित्रांचा रोल संपून, धुऊन, छापून हाती येईपर्यंत कित्येक दिवस जात, आणि कोणत्या चित्राला कोणते ॲपर्चर ठेवले होते हे वहीत टिपून ठेवले नसेल तर चुकीचे कारण सापडतच नसे. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्यासारख्या छायाचित्रकारांची नजर या काटकसरीच्या शिस्तीत घडली.

कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० × १०० बिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवी आणि त्यासाठी २३ सेकंद घेई. आजच्या कॅमेऱ्यात चित्र पडद्यावर तत्काळ दिसते आणि त्याच फाइलमध्ये ॲपर्चर, शटर, आयएसओ, केंद्रांतर (भिंगाची फोकल लेंथ) व वेळ यांची नोंद आपोआप होते. जुन्या विद्यार्थ्याची वही आता चित्राच्या पोटातच आहे. ही नोंद उघडून वाचण्याची सवय ज्याला लागली तो झपाट्याने शिकतो. ती न वाचता शेकडो चित्रे काढणाऱ्याच्या हाती केवळ भरलेले कार्ड उरते.

कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर (सेन्सरवर) किती प्रकाश पडू द्यायचा, याला उद्भासन किंवा बोलीभाषेत एक्स्पोजर म्हणतात. ते ॲपर्चर आणि शटर यांवर अवलंबून असते. ॲपर्चरचा आकडा म्हणजे भिंगाचे केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास, आणि आकडा वाढला की छिद्र लहान का होते, हा नवशिक्यांचा नेहमीचा गोंधळ या एका भागाकाराने सुटतो. ५० मिमी. भिंगाचे छिद्र एफ/२ ला २५ मिमी. रुंद असते, एफ/४ ला साडेबारा. व्यास निम्मा झाल्याने क्षेत्रफळ, आणि म्हणून प्रकाश, चतुर्थांश होतो. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होत जातो. छिद्र मोठे ठेवल्यास विषयाच्या पुढचा-मागचा भाग धूसर होतो, लहान ठेवल्यास दूरवरचेही स्पष्ट येते. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. मिळालेला संकेत मोठा करून दाखवला जातो, आणि थोड्या प्रकाशात घेतलेल्या अशा चित्रात रवाळपणा ठळकपणे दिसू लागतो. तरीही अंधारात हललेल्या चित्रापेक्षा रवाळ चित्र केव्हाही पत्करावे.

शटरचा परिणाम गणिताने चटकन ध्यानात येतो. ताशी ३६ किमी. वेगाने जाणारी बेस्टची बस सेकंदाला १० मीटर अंतर कापते. शटर १/१००० सेकंद असेल तर तेवढ्यात ती केवळ एक सेंटिमीटर सरकते आणि जणू थांबलेली दिसते. १/३० सेकंदात ती सुमारे ३३ सेंटिमीटर सरकते आणि तिचा लाल पट्टा उमटतो. त्याच १/३० ला बसच्या वेगाबरोबर कॅमेराही फिरवत नेल्यास बस बरीचशी स्पष्ट आणि मागच्या इमारती ओढल्यासारख्या येतात. या कृतीला पॅनिंग म्हणतात. मरीन ड्राइव्हच्या पदपथावर अर्धा तास उभे राहून वीस-पंचवीस प्रयत्न केले की त्यातील दोन-तीन तरी साधतात.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असून बहुतेक शिकणारे तेथेच अडखळतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरूनच हिशेब करतो. आजचे कॅमेरे चेहरे आणि डोळे ओळखतात, तरी पांढरे मुळात पांढरे आहे की उजेडामुळे तसे दिसते, हे मापकाला खात्रीने कळत नाही. दादर स्थानकाबाहेरच्या फुलबाजारात पहाटे दिव्याखाली ठेवलेला निशिगंधाचा ढीग चौकटभर घेऊन पाहावा. आयएसओ १६००, एफ/४, १/६० सेकंद असे काहीतरी मापक सुचवतो आणि चित्रात फुले मळकट, राखेत घोळल्यासारखी येतात. उद्भासन-दुरुस्तीची (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची) तबकडी एका पायरीने अधिककडे फिरवली की शटर १/३० होते आणि फुलांना त्यांचा पांढरा रंग परत मिळतो. मात्र आता हात हलण्याचा धोका वाढल्याने खांबाला टेकून उभे राहावे लागते किंवा आयएसओ ३२०० करावा लागतो. शेजारच्या काळ्या ताडपत्रीसाठी हीच तबकडी उलट दिशेने फिरवावी लागते. या दोन चित्रांत उद्भासनाचा जवळजवळ सगळा धडा सामावलेला आहे. म्हणूनच नवशिक्याने सुरुवातीला पूर्ण मॅन्युअलचा हट्ट न धरता, ॲपर्चर स्वतः निवडून शटर कॅमेऱ्यावर सोपवणारी पद्धत वापरावी आणि या तबकडीवर हात बसवावा.

मुंबईचा प्रकाश ऋतूप्रमाणे फार बदलतो. हे शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लोपते. अशा उन्हात माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. निरभ्र दुपारी आयएसओ १०० ला एफ/१६ आणि सुमारे १/१२५ सेकंद हा जुना ठोकताळा आजही लागू पडतो. दाट ढगांखाली प्रकाश त्याच्या आठव्या हिश्शावर येतो आणि तीच मांडणी एफ/५.६ वर न्यावी लागते. पण हाच पावसाळी उजेड चेहऱ्यांसाठी अतिशय मऊ असतो, आणि दगडी इमारतींच्या ओल्या भिंतींचे पोत त्यात उन्हापेक्षा गहिरे दिसतात. गेटवे ऑफ इंडियाच्या पूर्वेस समुद्र असल्याने सकाळी शहराच्या बाजूने ती कमान प्रकाशाविरुद्ध काळ्या आकृतीसारखी येते. मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताकडे पाठ करून उभ्या केलेल्या माणसाचेही तेच होते. तेथे फ्लॅशने चेहरा उजळायचा, की आकृती काळीच राखायची, याचा निर्णय कॅमेऱ्यावर सोडू नये.

रचनेचे नियम थोडक्यात सांगता येतात. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून विषय त्या रेषांवर ठेवावा, क्षितिज तिरके होऊ देऊ नये, आणि शटर दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. मुंबईच्या रस्त्यात विजेच्या तारा, फलक आणि उभी वाहने यांची दाटी असल्याने ही शेवटची सवय विशेष उपयोगी पडते. एक पाऊल पुढे किंवा गुडघ्यावर बसणे हा उपाय भिंग बदलण्यापेक्षा अनेकदा अधिक परिणामकारक असतो.

साधनांच्या खरेदीसाठी फोर्टमधील बोरा बाजाराचा परिसर वर्षानुवर्षे ओळखीचा आहे. पहिल्या वर्षासाठी कॅमेऱ्यासोबतच मिळणारे १८–५५ मिमी.चे किट लेन्स पुरेसे असते. जुने भिंग घेताना त्यातून पलीकडचा दिवा पाहावा. आत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी होय आणि ते भिंग घेऊ नये.

माणसांचे चित्र घेताना, विशेषतः कोळीवाड्यात, बाजारात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत अगदी जवळून घेताना, आधी विचारावे आणि काढलेले चित्र त्यांना पडद्यावर दाखवावे. असे केल्याने संकोच जातो आणि दुसरे चित्र बहुधा पहिल्यापेक्षा चांगले येते. नौदलाच्या गोदीसारख्या संरक्षित ठिकाणी छायाचित्रणास मनाई असते.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत दमट हवेमुळे बुरशीचा धोका सर्वाधिक असतो. कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवीत कपाटात ठेवून देऊ नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि दाणे ओलावले की वाळवून पुन्हा वापरावेत. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच थंड काचेवर बाष्प जमते. म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवून, तो बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत सुमारे अर्धा तास थांबावे, आणि त्या वेळात भिंग काढू नये.