बायपास केलेला हीटर : मोटारीतली ऊब आली कुठून?

गाडीत गोडसर वास येतोय आणि डाव्या बाजूची चटई ओली होतेय, ही तक्रार घेऊन मी कुर्ल्याला मेकॅनिककडे गेलो होतो. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाकडून डॅशबोर्डच्या मागे जाणारे दोन रबरी पाइप काढले, यू आकाराच्या तुकड्याने एकमेकांना जोडले आणि क्लिपा आवळल्या. ‘‘हीटरची कॉइल लीक होती साहेब, बायपास केली. मुंबईत हीटर कुणाला लागतो?’’ पंधरा मिनिटांत मामला खलास.

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस, तेही 22 जानेवारी 1962 चं. पण त्याने जे कापून टाकलं, ते जमायला मोटारउद्योगाची पहिली चाळीसेक वर्षं गेली होती.

हीटरसाठी वेगळं इंधन जळत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता म्हणून वाया जाते. इंजिन थंड ठेवणारं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरवायचं आणि तिच्यावरून पंख्याने हवा ढकलायची, एवढाच हा कारभार. ही जाळी म्हणजे दुसरा रेडिएटरच. म्हणून तर बोरघाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकला, की जुने ड्रायव्हर एसी बंद करतात, काचा खाली घेतात आणि हीटर फुल सोडतात. बाहेर मे महिना, आत भट्टी, पण इंजिन वाचतं. मुंबईकराने हीटर वापरलाच असेल तर तो असा.

सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या. थंड देशांत लोक जाड कोट घालून, पायाशी निखाऱ्यांची पेटी किंवा तापवलेली वीट ठेवून प्रवास करत. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांनी 1893 मध्ये ‘कार हीटर’चं पेटंट घेतलं, म्हणून त्यांना मोटारीच्या हीटरची जननी म्हणतात. मला हे थोडं ओढूनताणून वाटतं. त्या काळच्या अमेरिकेत ‘कार’ म्हणजे मुख्यतः रेल्वेचा किंवा ट्रामचा डबा. मोटार रस्त्यावर जवळपास नव्हतीच.

1920 च्या दशकात बंद टपाच्या गाड्या वाढल्या, तेव्हा आत ऊब धरून ठेवण्यात अर्थ आला. पहिला उपाय रांगडा होता : धुराच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण घालायचं आणि तिथली गरम हवा आत सोडायची. 1929 च्या फोर्ड मॉडेल ए साठी असा हीटर मिळत असे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चटका, सोडला की गारवा. आणि नळीला बारीकशी चीर गेली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट आत. त्याला ना वास, ना रंग.

1930 च्या दशकात गरम पाण्याचा हीटर रुळला. पण कडाक्याच्या थंडीत पाणी हीच डोकेदुखी. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा बिडाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडासुद्धा तडकवतं. लोक रात्री रेडिएटर रिकामा करून ठेवत, नाहीतर पाण्यात अल्कोहोल मिसळत, ते इंजिन तापलं की उडून जाई. इथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं न गोठणारं कूलंट अमेरिकेत 1927 पासून ‘प्रेस्टोन’ नावाने विकलं जाऊ लागलं. माझ्या मते हीटरचा खरा पाया हा. माझ्या चटईचा गोडसर वासही त्याचाच. पुढे 1938 मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घेणारी व्यवस्था आणली. आजच्या गाड्या साधारण त्याच वाटेने चालतात.

मात्र हीटर हा घेणारा आहे. इंजिन स्वतःच गारठलं असेल तर तो देणार काय? उणे 30 अंशांत ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्याहून कमी होतो, पेट्रोलची वाफ धड होत नाही. 1941 च्या हिवाळ्यात रशियात अडकलेल्या जर्मन सैन्याने गाड्यांच्या पोटाखाली शेकोट्या पेटवल्या होत्या. इथे उलटा व्यवहार लागतो : आधी इंजिनाला ऊब द्यायची. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवला आणि 1949 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. नंतरचे ब्लॉक हीटर बहुधा ब्लॉकच्या कुशीतल्या, ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेल्या गोल भोकात बसतात आणि कूलंट तापवतात. घरच्या पाण्याच्या रॉडचाच हा धाकटा भाऊ.

डिझेलची आणखी वेगळी कटकट : थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते यासाठीच.

माझा आतेभाऊ कॅनडात, विनिपेगला असतो. पहिल्या हिवाळ्यात त्याने पाठवलेल्या फोटोत गाडीच्या तोंडावरच्या जाळीतून प्लग लोंबत होता. मी विचारलं, ‘‘इलेक्ट्रिक घेतलीस की काय?’’ तो म्हणाला, ‘‘नाही रे, इंजिनाला शेक देतोय.’’ गेल्या वर्षी त्याने खरंच इलेक्ट्रिक घेतली. मोटर इतकी कमी उष्णता वाया घालवते, की फुकटची ऊब संपली. आता हीटरची वीज बॅटरीतूनच जाते आणि थंडीत गाडीची रेंज घटते. म्हणून तो निघण्याआधी अर्धा तास, गाडी प्लगला असतानाच मोबाइलवरून आतला हीटर लावतो. प्लग भिंतीवरच्या त्याच जुन्या पॉइंटला.